पाठकोरी पानं

भिवामामा केळूसकर अठ्ठावीस वर्षं
खारीच्या बांधावरचा पाऊस मोजायचा.
सकाळी साडेआठला काचेची नळी डोळ्यांसमोर,
आकडा वहीत. वरची प्रत तालुक्याला, कार्बनची घरात.
दिवाळीनंतर नुसती शून्यं,
आणि शून्यांना कंटाळलेला हा माणूस
पान उलटून मागे बेटं वसवायचा.

वह्या माझ्याकडे आल्या त्या उंदरांनी कुरतडलेल्या,
पण बेटं बरीचशी शाबूत.

पहिल्याला नाव नाही. तिथं वारा
बाराही महिने एकाच अंगानं येतो.
वांगी जमिनीला पोट लावून वाढतात.
माड लावला तर आडवाच मोठा होतो,
नारळ काढायला पोरं त्याच्यावरून चालत जातात.
दारं फक्त उगवतीला.
वाक्याचं शेपूट वारा नेतो,
म्हणून क्रियापद आधी उच्चारायची रीत.
'मेली' एवढंच पोचतं कधीकधी; कोण, ते वाऱ्याबरोबर.
मग त्या संध्याकाळपुरतं
अख्खं बेट सुतकात बसतं.

दुसरं, ओलवण. पाऊस थांबतच नाही.
भात रुजतं, पोटरीला येत नाही.
खायला अळू, आणि खडकावरच्या शेवाळाची वडी.
ऊनच नाही, तर सुकट कुठली, सोलं कुठली,
आंब्याचं साठ कुठलं!
बरणी हा शब्दच नाही भाषेत.
आजची मासळी आजच संपवायची, शेजाऱ्याला धरून,
त्यामुळं चिक्कू माणसाला तिथं शिवी सापडत नाही.
ढोलाचं चामडं सैल पडतं,
म्हणून देवाला गाऱ्हाणं पाण्यावर तळवे आपटत घालतात,
आणि 'व्हय महाराजा' नाही म्हणत,
'पुरे महाराजा' म्हणतात.
इथं मी इतकी हसले
की चुलीवरची पेज उतू गेली.

तिसऱ्या पानावर गंमत नाही.
वर 'तिसरं', खाली तिथी:
श्रावण अवस, चार बोटं.
भादवा पुनव, सहा.
चार वर्षांनी तीच पुनव, एक वीत.
पुढं अक्षर कापरं होत गेलंय.
मला वाटलं, तिथल्या पोरांची उंची मोजली असेल.

मग गेल्या भादव्यात उधाणानं
उघाडीची फळी उचलली
आणि रात्रभर खाडी मुणग्यात शिरत राहिली.
पहाटे वाडीच्या चहूअंगांनी पाणी.
इनास फर्नांडिस होडी वल्हवत आमच्या गोठ्यापर्यंत आला,
आणि आधी म्हशीला म्हणाला, 'बस गो.'
मी बांधावरच्या दगडाला हात लावून पाहिला,
मामा नळी ठेवायचा त्या दगडाला.
वीत, वर चार बोटं.

त्या वर्षी खारीत कणीस नव्हतं.
नव्याची पुनव आली तशी येसूकाकी
कोयती घेऊन चिखलात उतरली,
आणि दाराला कणसांच्या जागी
तिवराचा डहाळा बांधला.
'जा उगवता ता बांधूचा,' म्हणाली,
आणि हळदकुंकू लावलं त्याला, पानाला मीठ होतं तिथंच.
कुणी हसलं नाही.
यंदा पाच दारांवर तिवर.
एकीनं तर त्याच्याबरोबर जिताड्याचं खवलं ओवलंय,
ते आता बरोबर की चूक, कोणाला विचारायचं?

पाऊस आता यंत्र मोजतं, दूर कुठंतरी सांगतं.
मी तरी साडेआठला बांधावर जाते.
आज शून्य.
पान उलटलं, मामाच्या तिथींखाली माझी तिथ लिहिली,
आणि बराच वेळ पेन तसंच धरून बसले.
बेटाला नाव द्यायचं राहिलंय.
तिथली माणसं क्रियापद कुठं ठेवतात
तेही अजून